तांब्याभर पाण्याचं कमळ

त्या वर्षी मी सातवीत होते आणि माझे वडील त्याच शाळेचे हेडमास्तर होते. गावाला ते नृसिंह गुरुजी, घरात अण्णा. शाळेत मलाही गुरुजीच म्हणावं लागे. चुकून 'अण्णा' निघालं की वर्ग हसायचा आणि अण्णा ऐकू न आल्यासारखं करायचे.

पारनेरपासून आठ-नऊ मैलांवर आमचं गाव. बाहत्तर साली तिकडे पाऊस झालाच नाही. त्र्याहत्तरचा जानेवारी उजाडला तेव्हा गावातल्या बाया बंधाऱ्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि गडीमाणसं बैल घेऊन गुरांच्या छावणीवर जाऊन राहिली होती. मुलंही आईबरोबर कामावर जायची. आमच्या वर्गाच्या पटावर बेचाळीस नावं होती, हजेरीला पंचवीस असली तरी अण्णा खूश होत.

अशा दिवसांत अण्णांनी सव्वीस जानेवारीला प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय, फुले. शिक्षण खात्याचे साहेब नगरहून झेंडावंदनाला येणार होते. अण्णांनी कपाटातून फुलांचा एक जुना तक्ता काढून फळ्यावर टांगला. गुलाब, कमळ, शेवंती, जास्वंद, निशिगंध. प्रत्येकाला एक फूल वाटून दिलं आणि ड्रॉइंगचा एकेक कागद. कागद आणि रंगाच्या वड्या त्यांनी स्वतः एस.टी.ने नगरला जाऊन आणल्या होत्या.

सगळ्यात मोठा कागद चांगुणाला मिळाला. तिचा हात वर्गात सर्वांत चांगला होता. पाटीवर ती खडूने बैल काढायची, तर तो कुणाच्या घरचा आहे हे आम्ही ओळखायचो.

"चांगुणा, तू कमळ. निळं तळं, मध्ये मोठं कमळ. साहेब आत आले की समोर तेच दिसलं पाहिजे," अण्णा म्हणाले. मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "रंग कालवायला उद्यापासून प्रत्येकाने घरून तांब्याभर पाणी आणायचं."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मला तर त्यात अवघड काही आहे हेच कळलं नव्हतं. आमच्या घरी शाळेचा शिपाई आसाराम कावडीने पाणी आणून टाकायचा. ते तो कुठून आणतो, किती वेळ रांगेत बसतो, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चांगुणाने तांब्या आणला. दोन्ही हातांनी छातीशी धरून, वर फडकं बांधून. तिने कमळ छान काढलं. मग तळं रंगवायला घेतलं. निळा रंग एवढ्या मोठ्या कागदाला पुरेना. ब्रश धुवायचा, पुन्हा वडीवर घासायचा, पुन्हा धुवायचा. तासाभरात तांब्यातलं पाणी काळंनिळं झालं आणि तळं जेमतेम अर्धं झालं. शाळा सुटताना मॉनिटर गोरक्षने सगळ्यांचे तांबे खिडकीतून बाहेर ओतले. चांगुणा खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली भेगाळलेल्या जमिनीत ते पाणी पाहता पाहता दिसेनासं झालं.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"आमची आई हिरीत उतरती," ती म्हणाली. "तळाला. वाटीनं खरवडून खरवडून हंडा भरती. एका तांब्याला किती येळ लागतो ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या दिवशी ती आली ती रिकाम्या हाताने. परकराचा ओचा मात्र भरलेला होता. बसल्यावर तिने तो मोकळा केला. तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांचे तुरे, पानं, रुईची दोन-चार जांभळट फुलं, चुलीतला कोळसा आणि विटेचा तुकडा. त्या साली माळावर हिरवं म्हणून काही राहिलं असेल तर तो तरवड. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून राहिलेला.

तिने मोठा कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला कोळशाने तरवडाचं झुडूप काढलं, वाकडंतिकडं, दगडांतून वर आलेलं. मग फुलं चुरगाळून कागदावर घासली. पिवळा रंग उतरला. पानं घासली, हिरवा उतरला. विटेने माती केली. आम्ही सगळे आपापले गुलाब आणि शेवंत्या सोडून तिच्याभोवती जमलो. तिला पाण्याचा थेंब लागला नाही.

अण्णा मागून आले ते कुणाला कळलंच नाही.

"हे काय आहे?"

चांगुणा उभी राहिली. "तरवड हाय, गुरुजी."

"तुला कमळ सांगितलं होतं."

"म्या कमळ कधी पायलंच न्हाई."

"तक्ता समोर आहे ना? त्यात पाहून काढ."

"काढलं काल. आता पानी न्हाई आनणार म्या. प्यायला न्हाई, आन् चित्रातलं तळं भरायचं?"

अण्णांचा चेहरा लाल झाला.

"हे रानटी झुडूप मी साहेबांपुढे टांगू? फुलांचं प्रदर्शन आहे हे!"

"ही फुलंच हायेत की. नवरात्रात देवीच्या घटाला ह्याचीच माळ असती. देवीला चालती, मग सायबाला का न्हाई चालायची?"

कुणीतरी खुदकन हसलं. अण्णांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि चांगुणाच्या तळहातावर दोन मारल्या. तिने हात मागे घेतला नाही. अण्णांनी चित्र गुंडाळून कपाटात टाकलं आणि म्हणाले, "उद्या आईला घेऊन यायचं. माफी मागितल्याशिवाय वर्गात बसायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चांगुणाची आई, राहीबाई, कामावरचा अर्धा दिवस सोडून आल्या. केसांवर, पापण्यांवर दगडाची पांढरी भुकटी. दारातच चपला काढून त्या उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं; राहीबाईंना ते 'अहो-जाहो' करत.

"चुकलं तिचं, गुरुजी," राहीबाई म्हणाल्या. "लेकरू हाय. चांगुने, माग माफी. पाया पड गुरुजींच्या."

चांगुणा हलली नाही.

"माग म्हनते ना!"

"न्हाई मागणार. म्या चोरी न्हाई केली."

राहीबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही. मायलेकी दोघी तशाच खाली मान घालून निघून गेल्या. अण्णांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "कमळ आता तू काढ. कागद आणखी एक आहे."

त्या संध्याकाळी मी अण्णांना विचारलं, "तरवड लावला तर काय बिघडेल?"

अण्णा वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "नीलांबरी, हजेरी निम्म्यावर आलीय. वरच्यांना वाटलं की इथे शिकायला कुणी उरलं नाही, तर सातवीचा वर्ग बंद करतील. मग पारनेरला कोण जाणार? तू जाशील. चांगुणा जाईल का? साहेबांना दिसलं पाहिजे की ह्या शाळेत दुष्काळ शिरलेला नाही."

"पण शिरलाय ना!"

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. ते खोटं बोलत नव्हते हे मला कळत होतं. चांगुणाही खोटं बोलली नव्हती.

सकाळी मी आसारामच्या मागे मागे विहिरीवर गेले. माझा हट्ट पाहून त्याने डोक्याला हात लावला. विहिरीच्या कठड्याला पंधरा-वीस हंडे रांगेने ठेवलेले होते. आत डोकावलं तर खूप खाली एक बाई उकिडवी बसून वाटीने काहीतरी भरत होती. वाटी दगडावर घासल्याचा आवाज वर येत होता. हंडा वर आला तेव्हा त्यातलं पाणी गढूळ होतं. आसाराम म्हणाला, "ताई, तुमच्या घरचा नंबर पहिला असतोया. गुरुजींच्या घरचा म्हनून." तो हे कुरकुरीने म्हणाला नाही. त्यामुळेच मला तिथे उभं राहवेना.

शाळेत गेल्यावर मी नव्या कागदावर घाईने कमळ काढलं आणि तो उलटा केला. रंगाच्या वड्या तशाच ठेवल्या. मी गोरक्षला म्हटलं, "मला रुई काढायची आहे. कुठे मिळेल?"

गोरक्ष माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी मारतील."

"मलाही मारतील."

मधल्या सुट्टीत तो ओंजळभर रुई घेऊन आला. स्वतःसाठी बाभळीची एक फांदीही आणली होती, गोंड्यासारखी पिवळी फुलं असलेली, आणि हातावर काट्यांचे ओरखडे. आणखी कुणी धोतरा आणला, कुणी घाणेरी. अण्णा वर्गात आले की सगळे कागद गुलाबाच्या बाजूने व्हायचे. अण्णा गेले की उलटे. चार दिवस असं चाललं. पाण्याचे तांबे येत होते, पण दोन-तीनच, दाखवण्यापुरते. ते आम्ही सुटताना बाहेर न ओतता तसेच परत घरी पाठवत होतो.

पंचवीस तारखेला दुपारी चित्रं लावायचं काम माझ्याकडे आलं. अण्णांना झेंड्याच्या काठीचं, साहेबांच्या चहाचं बघायचं होतं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "नीट लाव. कमळ मधोमध."

मी आणि गोरक्षने एकेक चित्र लावलं. गुलाब भिंतीकडे, बाभूळ आमच्याकडे. शेवंती भिंतीकडे, धोतरा आमच्याकडे. मग मी कपाट उघडलं आणि चांगुणाचा गुंडाळलेला कागद बाहेर काढला. तरवड मधोमध लागला. त्याच्यामागे, भिंतीला चिकटून, तिचं अर्धं निळं तळं.

सव्वीसला सकाळी झेंडावंदन झालं. साहेब जीपमधून उतरले तेव्हापासून घड्याळ पाहत होते. त्यांना त्याच दिवशी आणखी दोन गावं करायची होती. अण्णा पुढे होऊन खोलीचं दार उघडायला गेले. दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. मागे साहेब उभे. आता काही करायला वेळ नव्हता. अण्णांनी एकदाच वळून मुलांच्या रांगेत मला शोधलं. मी नजर खाली घातली नाही.

साहेब आत फिरले. तरवडापुढे जरा थांबले. "हे काय, माळावरचं गवत वगैरे काढलंय का?"

अण्णा काही बोलायच्या आत दाराबाहेरून आवाज आला, "तरवड हाय त्यो."

चांगुणा होती. वर्गात बसायची बंदी होती, झेंडावंदनाची नव्हती.

"गुलाब, कमळ असं काही शिकवत नाही का, मास्तर?"

अण्णांच्या कपाळावर घाम होता. त्यांना म्हणता आलं असतं की मुलांनी आगाऊपणा केला. सारा दोष आमच्यावर टाकून ते मोकळे झाले असते. ते म्हणाले, "शिकवतो. पण यंदा मुलांनी पाणी न वापरता चित्रं केली आहेत."

साहेबांनी मान हलवली. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलं की प्रदर्शन विषयाला धरून नव्हते, तरी मुलांची उपस्थिती समाधानकारक. चहा अर्धा टाकून ते गेले.

त्या दिवशी बंधाऱ्याचं काम बंद होतं. जीपची धूळ खाली बसते न बसते तोच बाया आल्या. आधी दोघी-तिघी, मग घोळका. शाळेच्या त्या खोलीत आपणहून त्या कधी आल्या नव्हत्या. "अगं, ही घानेरी! हिच्या वासानं डोकं उठतं." "ही बाभूळ तर आमच्याच बांधावरली." मोठ्याने बोलत, हसत, चित्रांवर बोट टेकवत त्या फिरल्या. राहीबाई तरवडापुढे उभ्या राहिल्या. शेजारणीला त्यांनी सांगितलं, "पाठीत हानली व्हती म्या हिच्या, ह्याच्यापायी."

अण्णा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर कुणाला घरून पाणी आणायला सांगितलं नाही आणि आमच्या घरचा हंडाही रांगेत मागे लागू लागला. ते त्यांनी आसारामला सांगितलं असणार, कारण आई दोन दिवस कुरकुरत होती.

शनिवारी ते चित्रं भिंतीवरून काढायला गोरक्षला सांगत होते. तेवढ्यात चांगुणा दारात आली. "काढू नका, गुरुजी. उद्याच्याला आमचा बा छावणीवरनं यायचाय. त्यानं पायलं न्हाई अजून."

"तुला वर्गात यायला मी परवानगी दिलेली नाही."

"म्या दारातच हाय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चित्रं राहिली. रविवारी छावणीवरून सात-आठ गडीमाणसं आली, टोप्या हातात धरून खोलीभर हिंडली आणि संध्याकाळी परत गेली.

सोमवारी चांगुणा आली आणि सरळ आत येऊन आपल्या जागेवर बसली.

अण्णा म्हणाले, "तू अजून माफी मागायची आहेस."

"न्हाई, गुरुजी," ती उभी राहून म्हणाली. "त्येवढं सोडून काय बी सांगा."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हजेरीपट उघडला आणि नावं वाचायला लागले. तिचं नाव आलं तेव्हा त्यांचा आवाज जरासा घसरला, पण त्यांनी ते वाचलं.

"हजर," चांगुणा म्हणाली, वर्गात लागेल त्यापेक्षा कितीतरी मोठ्याने.