एकवीस मनुके

सुनेने कुत्र्याचा विमा काढला, तेव्हा घड्याळजी पोट धरून हसले. "अगं, चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण स्वतःचा विमा काढायचं सुचलं नाही. आणि या गुंड्याचा विमा?"

"माणूस निदान कुठे दुखतंय ते सांगतो तरी, बाबा. हा काय सांगणार?" असं म्हणून तिने कागद वाचून दाखवला. अपघाताला आठ दिवसांनंतर संरक्षण, आजारपणाला महिन्यानंतर. आधीपासूनचं दुखणं धरणार नाहीत, आणि दर वेळी खर्चातला थोडा वाटा आपला. मग तिने फ्रिजवर एक यादी चिकटवली. साधा भात, गाजर, बिया काढलेलं सफरचंद चालेल; कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुके बिलकूल नाहीत.

घड्याळजींनी यादीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उभा जन्म भिंगातून बारीक चाकं पाहण्यात गेला. आता कुत्र्याच्या खाण्याची अक्षरं कोण लावत बसणार?

तीन आठवडे झाले. मुलगा कामासाठी परगावी, सून ऑफिसात. घड्याळजींनी मनावर घेतलं की गुंड्याला 'बस' म्हटलं की बसायला शिकवायचं. हा दांडगा आठ महिन्यांचा झाला तरी ऐकेल तर शपथ! पण मनुक्यापुढे स्वारी विरघळली. 'बस' म्हटलं की बसायचा, मनुका गट्टम करायचा, पुन्हा शेपटी हलवत उभा.

दुपारी सुनेचा फोन आला, तर यांची छाती फुगलेली. "तुझा गुंड्या शिकला बघ! एका मनुक्यात एकदा बसतो."

 पलीकडे तिचा आवाजच बदलला. "बाबा, किती मनुके दिले?"

"एकवीस. का गं?"

"त्याला उचला आणि लगेच दवाखान्यात घेऊन या. मी तिथेच येते."

घड्याळजींनी गुंड्याला काखेत मारलं. पायात एक चप्पल आणि एक बूट अशा थाटात ते रिक्षात बसले. गुंड्या मात्र बाहेर तोंड काढून वारा खात मजेत.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधी खाल्ले?"

"अकरा बावन्नला पहिला, बारा अकराला शेवटचा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतकं नेमकं कुणी सांगत नाही हो. बरं झालं, अजून तासही झाला नाही." इंजेक्शन दिलं, आणि थोड्याच वेळात गुंड्याने भडाभडा ओकून सगळी शिकवणी परत केली. "किडनीला धोका असतो. दोन दिवस सलाईनवर ठेवते, रक्त तपासते."

ते दोन दिवस घड्याळजींना घास गोड लागला नाही. सून एक शब्द बोलली नाही, हेच जास्त झोंबत होतं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी रक्त चांगलं आलं. दवाखान्याच्या बाकावर बसून सून विम्याचा अर्ज भरत होती. 'घटना कशी घडली' या रकान्यात तिने लिहिलं, 'बरणी सांडली, कुत्र्याने मनुके खाल्ले.'

घड्याळजींनी वाचलं आणि पेन मागितलं.

"बाबा, असू दे. तुमचं नाव कशाला त्यात?"

"सांडणारी बरणी होती कुठे? मी हाताने दिले. असंच लिही."

"पैसे नाही मिळाले तर?"

"तर नाही मिळाले. पण मी केलेलं बरणीच्या माथी नको." त्यांनी ओळ खोडली आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, 'मी दिले. सूनबाईने बजावलं होतं, मी ऐकलं नाही.'

सुनेने ते दोनदा वाचलं. ओठ आवळून धरले, पण शेवटी हसू फुटलंच. "ही दुसरी ओळ विमावाल्यांना कशाला हवीय?"

"तुला हवी होती ना?"

पुढे दावा मंजूर झाला, आपला वाटा वजा होऊन. वाईट हेतू नसताना दिलेलं अपघातातच धरतात, असं फोनवरच्या मुलीने सांगितलं. घड्याळजींना त्या दिवशी मात्र त्याचं फारसं पडलेलं नव्हतं. दवाखान्याच्या दारातून गुंड्या बाहेर आला, तो पट्टा ओढत थेट फाटकाकडेच सुटला, आणि सून हातातली पिशवी टाकून धावली. मागोमाग घड्याळजीही निघाले, गुडघे विसरून. तिघेही फाटकाशी एकदमच जाऊन आदळले.