टेकाडातला म्हातारा

चांगदेवने टेकाडात पहिलं फावडं मारलं, तेव्हा मागे उभ्या असलेल्या अकरा माणसांपैकी एकानेही घमेलं पुढे केलं नाही.

"भरा," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. रोहिदासने नुसतं बांधावर बसलेल्या शिवाकडे बोट दाखवलं. शिवाचा पाय घोट्यापासून भोपळ्यासारखा सुजला होता.

खाडीच्या बांधाला आठ हात रुंद खांड पडली होती आणि भाद्रपदातली अमावास्या तीन दिवसांवर आली होती. त्या उधाणाचं खारं पाणी खांडीतून आत आलं, की गावाचं पोटरीला आलेलं भात जळणार आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत काही पिकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहूकडे चिखल होता. भरावाला हवी तशी घट्ट माती, कोणाचं उभं पीक उपटून शेतातून काढायची नसेल, तर होती ती फक्त उंबराखालच्या टेकाडात. घरटी एक माणूस देऊन ती काढायची, असं रविवारी ठरलंही होतं. बांधाची जबाबदारी वडलांपासून चांगदेवच्या घराकडे होती.

पण मध्ये अय्युबभाई आला. तीस वर्षं बोटीवर खलाशी होता, गेल्या साली कायमचा घरी परतला. जपानच्या लढाईत त्याची बोट मनिलाच्या बाजूला बुडाली आणि तीन वर्षं तो तिकडेच अडकला. दुपारी बांधावर भाकरी खाताना तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. घोड्याच्या तोंडाचा माणूस वाटसरूंना रानात चकवतो. झाडावर बसलेला काळा राक्षस विडी ओढतो. आभाळात सात चंद्र होते, समुद्रातल्या सापाने सहा गिळले. चांगदेवनेही त्या मजेत ऐकल्या होत्या. नडली ती टेकाडाची गोष्ट. तिकडे म्हणे प्रत्येक टेकाडात वीतभर उंचीचा म्हातारा राहतो. जाणारा माणूस वाकून 'ताबी-ताबी पो' म्हणतो, म्हणजे जरा बाजूला व्हा जी, आम्ही जातोय. न विचारता जो पाय ठेवील, त्याचा पाय सुजतो.

आणि सोमवारी टेकाडावर जाऊन आलेल्या शिवाचा पाय सुजला. खाडीत चिवणी माशाचा काटा घुसला म्हणून सुजला, असं शिवा स्वतः सांगत होता. त्याचं कोण ऐकतो?

चांगदेवने समजावलं. मग आवाज चढवला. शेवटी भगताला आणून नारळ फोडला. त्यावर रोहिदास म्हणाला की भगताला आपले देव कळतात, मनिलाचे कुठून कळणार. गावात आसरा होत्या, वेताळ होता, गिऱ्हा होता. तेवढ्यांनी भागलं नाही म्हणून बोटीत बसून आणखी एक आला, असं पुटपुटत चांगदेवने फावडं खांद्यावर टाकलं आणि भर दुपारी मोहल्ल्याची वाट धरली.

अय्युबभाई पडवीत दोराला गाठी मारत बसला होता. त्याच्या बायकोने, नूरजहाँने, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती आत गेली. चांगदेव पाण्याला शिवला नाही.

"अय्युबभाय, उधान कोनासाठी थांबत नाय. तू लोकांना सांग, त्या टेकाडात कोन नाय."

अय्युबभाईने दोर खाली ठेवला. आपण टेकाडाजवळून जाताना सवयीने मान लववतो, ते रोहिदासने पाहिलं आणि कारण विचारलं, म्हणून काहीतरी सांगावं लागलं, असं तो म्हणाला. मग आतल्या दाराकडे पाहून त्याने आवाज खाली आणला.

"तिकडच्या टेकाडात म्हातारा नव्हता, चांगदेव. मी होतो."

बोट बुडाल्यावर जपानी शिपाई किनाऱ्यावर खलाशांना शोधत फिरत होते. एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला घरामागच्या टेकाडात लपवलं. वर वडासारखं झाड होतं, त्याच्या मुळांखाली पोकळी होती. रोज दिवस कलताना म्हातारी पानावर भात आणि सुकी मासळी आणून ठेवायची. शेजाऱ्यांना सांगायची, टेकाडातल्या म्हाताऱ्याचा नैवेद्य आहे. असे आठ महिने गेले. येणारेजाणारे वाकून परवानगी मागायचे आणि हा आत श्वास धरून ऐकायचा. मग एका संध्याकाळी भात आला नाही. दुसऱ्याही दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला, तर घराच्या जागी राख होती.

"त्यांचं पुरतं नावबी मला ठाऊक नाय," अय्युबभाई म्हणाला. "हिला सांगितलंय, मी कैदेत होतो. दोन मानसं माझ्यापायी गेली, हे कसं सांगायचं?"

तो उठला. उद्या बांधावर येऊन हे सगळं सर्वांसमोर सांगतो म्हणाला. मग तरी लोक माती काढतील.

भांडायला आलेल्या चांगदेवला आता भांडण कुठे ठेवावं कळेना. त्याने तांब्या उचलून सगळं पाणी एका दमात प्यायलं आणि धाडकन खाली ठेवला.

"आलास तर घमेलं घेऊन ये," तो म्हणाला. "तोंड उघडू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं बांधावर आली, तेव्हा चांगदेव खांडीला लागून असलेल्या स्वतःच्या शेतात उभा होता. कोपऱ्यातलं हिरवं भात त्याने मुळासकट उपटून बाजूला टाकलं होतं आणि पाणी उपसून खालची घट्ट काळी माती तो खणत होता.

"टेकाडाचं काय झालं?" रोहिदासने विचारलं.

"ती माती भुसभुशीत हाय. पान्यात टिकनार नाय. आता उभा का राहिलास? धर."

रांगेच्या शेवटी अय्युबभाई होता. ते ऐकून त्याने वर पाहिलं. चांगदेवने त्याच्या घमेल्यात एकेक फावडं अशा रागाने टाकलं, की म्हाताऱ्या खलाशाचे हात खाली गेले. घमेलं सावरून तो खांडीकडे चालू लागला.

दोन दिवस माती पडत राहिली. अमावास्येला दुपारी पाणी चढलं, बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन बराच वेळ थबकलं आणि मग मुकाट्याने उतरू लागलं. गावाचं भात वाचलं. चांगदेवच्या शेतात मात्र पुरुषभर खोल खड्डा झाला आणि त्यात बेडूक ओरडू लागले.

जेवताना बायकोने, शेवंताबाईने, टेकाड सोडून आपलंच शेत का खणलं म्हणून विचारलं. त्याने वैतागून तेच सांगितलं, टेकाडाची माती भुसभुशीत म्हणून.

दरवर्षी त्याच टेकाडाच्या मातीची चूल घालणाऱ्या शेवंताबाईने ते ऐकून घेतलं, आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.