लाल चौकोन

नवी मुंबईतल्या पावणे गावच्या विमलबाईंच्या घरात त्या आठवड्यात दोन पक्ष पडले होते. एक कागदाचा आणि एक कॉम्प्युटरचा. कागदाच्या पक्षात विमलबाई एकट्याच होत्या, पण चौघांना पुरून उरतील अशा. कॉम्प्युटरच्या पक्षात त्यांचा मुलगा धनेश. सून सुचिता सकाळी इकडे तर संध्याकाळी तिकडे. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती नात, नमिता, कुठल्याच पक्षात नव्हती. ती म्हणत होती, मी सीईटीच देत नाही.

नमिताची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तिला फार्मसीला जायचं होतं, आणि त्यासाठी सीईटीत चांगले मार्क लागणार होते. कोपरखैरण्याचा तिचा क्लास शेवटच्या महिन्यात सराव परीक्षा घ्यायचा, त्या दोन तऱ्हांनी. एक कागदावर, उत्तरपत्रिकेतले गोल काळे करून. दुसरी कॉम्प्युटरसमोर बसून. दोन्ही एकाच वेळी चालायच्या, त्यामुळे मुलांनी कुठलीतरी एकच निवडायची होती आणि शनिवारपर्यंत तसं कळवायचं होतं. खरी परीक्षा कॉम्प्युटरवर असल्यामुळे बहुतेकांनी डोळे झाकून कॉम्प्युटर घेतला. नमिताचं घोडं मात्र अडलं. आधीच्या चाचण्या दोन्ही तऱ्हांनी झाल्या होत्या; त्यात कागदावर ती पहिल्या चार-पाच मुलांत असायची. कॉम्प्युटरवर बसली की मार्क निम्म्याच्याही खाली यायचे. एकदा तर क्लासच्या सरांनी घरी फोन करून तिला बरं नाही का म्हणून विचारलं होतं.

"परीक्षा कॉम्प्युटरवर, मग सराव कागदावर कशाला?" धनेश जेवताना म्हणाला. तो न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटच्या ऑफिसात होता. "आये, आमच्याकडं आता कागद कोन विचारीत नाय. कंटेनर सुटतो तो स्क्रीनवर सुटतो."

"कंटेनरला घाम फुटत नाय," विमलबाई म्हणाल्या. "पोरीला फुटतो. त्या मशीनचा नुसता विषय निघाला की तिचा हात गार पडतो. कवा धरून बघितलास?"

धनेशने हात धरून बघितलेला नव्हता. तो भात कालवायला लागला.

विमलबाईंचा कागदावर विश्वास होता तो उगाच नव्हता. खाडीकाठची त्यांची भाताची खाचरं सरकारने घेतली, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी एकेक पावती कापडात बांधून तांदळाच्या कणगीत जपून ठेवली होती. पुढे घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड वाटले गेले, तेव्हा कागद हातात होता म्हणून यांचं काम झालं. ज्यांचे कागद वाळवीने खाल्ले त्यांनी वर्षानुवर्षं हेलपाटे घातले. शिवाय विमलबाई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्या होत्या. छापील प्रश्नपत्रिका हातात आली की आधी ती नाकाशी धरायची, शाईचा वास घ्यायचा, मग वाचायला सुरुवात करायची. गुरुजी म्हणायचे, "विमल, पेपर सोडवायचाय, भाजी नाही निवडायची." सगळा वर्ग हसायचा. पण तो वास घेतला की भीती जायची, हे त्यांना साठ वर्षांनंतरही पक्कं आठवत होतं. पडद्याला कसला आलाय वास?

शुक्रवारी दुपारी विमलबाई कोळंबी सोलत बसल्या होत्या. नमिता येऊन समोर टेकली.

"आजी, पप्पांना तू सांग ना. मी नाही बसत परीक्षेला."

"आनि करशील काय?"

"बी.कॉम."

"बी.कॉम. वाईट नाय. शेजारच्या विलासची पोरगी करतेच हाय. पन तुला करायचाय का?"

ताटातली एक कोळंबी उचलून नमिताने परत ठेवली.

"ते मशीन काय चावतं का तुला?"

"चावत नाही गं. पण दिसतं ना लगेच."

"काय दिसतं?"

"जाऊ दे. तुला नाही कळायचं." आणि मग हळूच म्हणाली, "मला वाटायचं मला येतं सगळं. येत नाही, आजी."

पोर रडली असती तर विमलबाईंना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाला जवळ घेता येतं. ही कोरड्या डोळ्यांनी उठून आत गेली, याची त्यांना धास्ती वाटली. त्यांनी मनाशी ठरवलं, उद्या आपण स्वतः क्लासला जायचं आणि पोरीचं नाव कागदाकडे लावून यायचं. धनेशला काय म्हणायचंय ते म्हणू दे. निदान परीक्षेपर्यंत तरी पोचेल.

शनिवारी आजी-नात रिक्षाने कोपरखैरण्याला गेल्या. क्लास एका फरसाणच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना विमलबाईंना दोनदा थांबावं लागलं. क्लासचे प्रितम सर तरुण होते, साताऱ्याकडचे. त्यांनी उठून खुर्ची दिली.

"हिला कागदावर बसवा," विमलबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या.

"बसवतो की, आजी. माझी काहीच हरकत नाही. पण मे महिन्यात हिला कॉम्प्युटरसमोरच बसायचंय. तिथं मी कागद कुठनं आणून देऊ?"

"तवाचं तवा बघू."

सर हसले. मग नमिताकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "आजी, एक करूया. ही माझ्यासमोर दहा प्रश्न सोडवू दे. फक्त दहा. नेमकं बिघडतंय कुठं ते मला बघायचंय. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

नमिताने आजीकडे पाहिलं. विमलबाईंनाही नको म्हणायला कारण सुचेना.

कॉम्प्युटरच्या खोलीत कोणी नव्हतं. नमिता बसली. मागे प्लास्टिकच्या खुर्चीत विमलबाई, बाजूला सर उभे. पडद्यावर डाव्या हाताला प्रश्न होता आणि उजवीकडे एक ते दहा आकड्यांचे पांढरे चौकोन. नमिताने प्रश्न वाचला, कच्च्या कागदावर भराभर काहीतरी मांडलं आणि चारातलं एक उत्तर निवडलं. मग कागदावर करायची तशीच सवयीने मधले दोन प्रश्न सोडून तिने उजवीकडचा चारचा चौकोन दाबला. क्रमाने सोडवायची तिला सवयच नव्हती. त्यासरशी एकचा चौकोन लाल झाला.

नमिताचा हात माऊसवरून मागे आला. तिने तळवा ओढणीला पुसला. चौथा प्रश्न वाचताना तिचे ओठ हलत होते, पण डोळे सारखे त्या लाल चौकोनाकडे वळत होते.

"थांब थांब," सर म्हणाले. "पहिला सेव्ह का नाही केलास?"

"लाल झाला ना, सर."

"मग?"

"चुकलंय ते."

"काय चुकलंय?"

"उत्तर."

सरांनी वाकून तिचा कच्चा कागद बघितला, मग पडदा बघितला. "अगं, उत्तर बरोबर आहे."

"मग लाल का झालं?"

सरांनी बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसले.

"नमिता, लाल म्हणजे चूक, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मोबाइलवर ते प्रश्नांचे खेळ असतात ना, त्यात चुकलं की लाल होतं, बरोबर आलं की हिरवं. आणि मुली पण बाहेर येऊन विचारायच्या, तुझे किती लाल राहिले? त्यांचे दोन, तीन. माझे तर…" तिने माऊस बाजूला सारला. "माझे निम्म्याहून जास्त लाल असायचे, सर."

"बाळ, लाल म्हणजे प्रश्न उघडला पण उत्तर सेव्ह केलं नाही. एवढंच. परीक्षा चालू असताना मशीन बरोबर-चूक काही सांगत नाही. हे खालचं बटण आहे ना, सेव्ह अँड नेक्स्ट, ते न दाबता तू थेट दुसऱ्या आकड्यावर उडी मारतेस. मग तुझं उत्तर पोचतच नाही कुठं."

नमिताने त्या बटणाकडे बघितलं, मग लाल चौकोनाकडे.

"मग एवढ्या दिवसांत," सरांनी विचारलं, "लाल दिसल्यावर एकदाही उत्तर बदलून बघावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना. खूप वाटलं. पण ती कॉपी झाली असती, सर. मशीन सांगणार चुकलं म्हणून, आणि आपण दुसरं उत्तर टाकायचं?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला.

विमलबाईंना आधी हसू आलं. ते इतकं आलं की पदर तोंडाशी धरावा लागला, आणि धरल्यावर लक्षात आलं की डोळ्यांतूनही पाणी चाललंय. "अगो बाय माजे!" त्या म्हणाल्या. "ते मशीन बिचारं मुकाट बसलाय, आनि तू एकटीच त्याच्या शिव्या खातेस! सांगायचं नाय का कोनाला?"

"काय सांगू? सगळं चुकतंय म्हणून सांगू?" नमिताही आता रडत होती आणि हसतही होती. ओढणीला नाक पुसत तिने विचारलं, "सर, बाकीचे सोडवू?"

तिने पहिलं उत्तर परत निवडून सेव्ह केलं, मग बाकीचे सोडवले. उत्तर निवडायचं, खालचं बटण दाबायचं. चौकोन एकेक करून हिरवे होत गेले. शेवटी सरांनी निकाल उघडला. सगळी उत्तरं बरोबर होती, एक सोडून.

"बघ," सर त्या एकावर बोट ठेवून म्हणाले. "हे चुकलंय. आणि हेही हिरवंच होतं."

नमिता त्या चुकलेल्या प्रश्नाकडे जवळ जाऊन बघत राहिली. आपलं चुकलेलं बघून कोणाचा चेहरा इतका फुललेला विमलबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"मग आजी?" सर म्हणाले. "कुठं लावू नाव? कागद की कॉम्प्युटर?"

"मना काय विचारता? परीक्षा तिची हाय."

"कॉम्प्युटर, सर," नमिता लगेच म्हणाली.

"आणि आजीच्या कागदाचं काय?"

"आकडेमोड करते ती कशावर?" विमलबाई उठता उठता म्हणाल्या. "कागदावरच ना? तो माजा."

जिन्यावर त्यांनी नमिताकडून धनेशला फोन लावून घेतला. सगळं ऐकून धनेश म्हणाला, "मी पहिल्यापासून बोलत होतो, कॉम्प्युटरच बरा."

"तू काय बोलत होतास? तुला तरी ठावं होतं का, लाल म्हंजे काय ते?"

"नाय," धनेश म्हणाला, आणि मग तोही हसायला लागला. "आये, तिला फोन दे."

बापलेक काय बोलले ते विमलबाईंनी ऐकलं नाही. त्या फरसाणच्या दुकानात शिरून गरम जिलबी बांधून घेत होत्या.

परतीच्या रिक्षात नमिताचं तोंड थांबेना. महिनाभराचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं. फार्मसीचं कॉलेज कुठलं, तिथे प्रयोगशाळा कशी असते, कुठल्या विषयाला किती प्रश्न येतात, आणि तिची मैत्रीण उज्वला सोमवारी हे ऐकून हसून कशी लोळेल. अर्ध्याहून जास्त विमलबाईंना कळत नव्हतं. त्या नुसत्या हुं हुं करत होत्या. पोरीचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो ऊन ऊन लागत होता.

बोलता बोलता मध्येच आवाज थांबला. विमलबाईंनी वळून पाहिलं तर नमिता त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, वाक्य अर्धवट टाकून. पावण्याला वळायचं वळण आलं. कारखान्यांच्या भिंती मागे पडल्या आणि रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"आजी, उतरा," रिक्षावाला म्हणाला.

"हळू बोल रे." विमलबाईंनी खांदा जरासुद्धा हलवला नाही. "मीटर चालू राहू दे. आनि एक फेरी मारून आन आमाला, खाडीच्या बाजूनं."

"कुठं जायचंय नेमकं?"

"कुटं नाय. पोर झोपली हाय."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि काही न बोलता रिक्षा वळवली.