साफ केलेली रेकॉर्ड

'फोर्थ ब्लॉक' या बँडची पहिली रेकॉर्ड इतक्या वर्षांनी पुन्हा निघाल्याची बातमी मला संयोगितानं फोनवर दिली. आता ती मोबाइलवर ऐकायची होती. कुठे बोट ठेवायचं, मग कुठे, हे तिनंच हेब्बाळहून फोनवर शिकवलं.

मी रॉक संगीतातला जाणकार नाही, तेव्हाही नव्हतो. सुमंत माझ्या कॉलेजातला. त्याला इंग्रजी गाण्यांना शब्द हवे होते आणि मी सारखा वाचत बसलेला असतो, एवढ्यावरून त्यानं मला पकडलं. मी दोन गाणी लिहिली. ती चांगली आहेत का हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गाजली ती सुमंतच्या गिटारमुळे. पुढे बँडच्या आणखी रेकॉर्डी निघाल्या, बंगळुरातली पोरं सुमंतसारखे केस वाढवून हिंडू लागली. माझा संबंध पहिल्या रेकॉर्डपुरताच. माझा आणि मालनचा.

मालन माझी बायको. त्या रेकॉर्डवरच्या शेवटच्या गाण्यात मागे दोन बायकांचा आलाप आहे, शब्दांवाचून. एक संयोगिता, सुमंतची बहीण, आणि दुसरी मालन. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. कव्हरवर दोघींची नावं नाहीत. घरच्या मुली गिटारवाल्यांबरोबर गायल्या हे वडीलधाऱ्यांना कळू द्यायचं नव्हतं.

मालन गेल्या वर्षी गेली. पण तिचा आवाज त्याच्या कितीतरी आधी गेला होता. अर्धांगाचा झटका आला त्यात वाचा गेली, ती परत आली नाही. तेव्हा आमच्याकडे साधा फोन होता, कुणी काही रेकॉर्ड करून ठेवत नसे. माणूस समोर असताना त्याचा आवाज आपण कसा विसरतो? मी विसरलो. आधी तिचं रागावणं आठवेनासं झालं, मग हसणं. एके दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून तिचं 'अहो' मनात ऐकायला गेलो, तर ते माझ्याच आवाजात ऐकू आलं. मी घाबरून गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसलो.

रेकॉर्ड होती घरात, पण माळ्यावर गिझरच्या पाइपाशेजारी राहून तिची तबकडी पन्हाळीसारखी वाकली होती, आणि दुसरी प्रत कुठे मिळाली नव्हती. म्हणून संयोगिताच्या फोननंतर मी बाकीची गाणी ऐकायला थांबलो नाही.

शेवटचं गाणं लावलं. ऑर्गनसारखा एक जाडसर सूर सुरू होतो आणि त्यावरून बाईचा आवाज वर चढत जातो, स्वच्छ, पातळ, कुठेही न तुटता. मी रडलो. मग रोज तेच. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवल्यावर. पुस्तकं तशीच पडून राहिली. जे. पी. नगरच्या बागेत बाकावर बसून कानाला फोन लावायचो, लोकांना वाटे म्हातारा कुणाशी तरी बोलतोय.

संयोगिताचा पुन्हा फोन आला. "ऐकलंत काय, अण्णा?"

"रोज ऐकतो. मालनचा तो आवाज वर चढतो ना शेवटी, तिथं..."

"वर चढतो तो?" ती मोठ्यांदा हसली. "अय्यो अण्णा, तो माझा की!"

"नक्की?"

"नक्की म्हणजे मला तसंच वाटत आलंय. मालनचा स्वल्प जाड होता. का माझा जाड होता तेव्हा? आता दात गेले, आवाज गेला, मी कशावरून सांगू? तुम्ही नवरा की बाकडं? बायकोचा आवाज मला विचारताय!"

मग तिचा सूर उतरला.

"बांगड्या ऐका की. सुमंतण्णा किती ओरडला होता, बांगड्या काढ म्हणून. तर ही म्हणाली, नवी नवरी हिरवा चुडा काढते होय? आधी तू तुझे केस काप. शेवटी मी माझा रुमाल गुंडाळला तिच्या हाताला, तरी वाजायच्या त्या वाजल्याच. बांगड्या वाजल्या की लगेच जो आवाज येतो, तो तिचा. सरी, कळलं ना? रडत बसू नका आता."

तिचं बोलणं ऐकताच मला ते दिसलं. मी तेव्हा स्टुडिओत आत गेलो नव्हतो. आत सगळे मोठ्यानं बोलत होते, मला संकोच वाटला. दाराला गोल काच होती, तिच्यातून बघत बाहेर उभा राहिलो. दोघी एकाच माइकसमोर उभ्या होत्या. मालननं हात झटकून बांगड्या मागे सारल्या आणि तोंड उघडलं. दार जाड होतं. मला दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं.

काहीही सुरू करायच्या आधी ती बांगड्या अशाच मागे सारायची. कणीक तिंबताना, भांडताना, देवाला हात जोडतानासुद्धा. आजारपणात उजवा हात गेला, डावा राहिला. आतल्या खोलीतून तो झटका ऐकू आला की मी पुस्तक पालथं घालून उठायचो. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, पंखा नको असला, सगळ्याला ती एकच हाक. गेली तेव्हा बायकांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. सवाष्ण गेली, भाग्याची, असं म्हणत होत्या. त्या बांगड्या तिच्याबरोबरच गेल्या.

मी गाणं पुन्हा लावलं. कानात ती बटणं घालून, डोळे मिटून ऐकलं. बांगड्या नव्हत्या. किती वेळा ऐकलं तरी नव्हत्या. मग मला सगळ्याचीच शंका येऊ लागली. मालन गायली होती तरी का? का तिचा भाग कापून टाकला आणि मला सांगितलं नाही? मी काचेतून पाहिलं ते तरी खरं का? दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

रेकॉर्ड पुन्हा काढली ती सुमंतच्या माघारी त्याच्या मुलानं, अभिमन्यूनं. येलहंक्याला त्याचा छोटा स्टुडिओ आहे. फोन करायचं धाडस झालं नाही. फोनवर नाही म्हणणं लोकांना सोपं जातं. सकाळीच निघालो. रिक्षात सबंध वाटभर वाक्य जुळवत होतो: 'तुम्हाला त्रास देतोय, पण.' हेब्बाळच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या तेव्हा ते वाक्यही विसरलो.

अभिमन्यूनं दार उघडलं. दाढी पिकलेली, डोळे बापाचे. "पद्माकरकाका! या की. मीच येणार होतो तुमच्याकडे. ऐकलंत? कसं झालंय?"

"छान झालंय," मी म्हणालो. माझी नेहमीची सवय. दुसरं काही सुचत नाही.

त्यानं कॉफी आणली, खुर्ची दिली, आणि उत्साहानं सांगू लागला. "टेपची हालत काय होती, काका! बाबांनी कपाटात टाकलेली, बुरशी आलेली. एकदाच वाजली, मग वरचा थर सुटून भुकटी झाली. आणि शेवटच्या गाण्यात तर टिकटिक, टिकटिक! धूळ असेल. त्याचं सॉफ्टवेअर असतं, एकेक टिकटिक शोधून पुसतं. आता बघा, आरशासारखं."

मी कप खाली ठेवला.

"ती टिकटिक," मी म्हणालो, "आहे का कुठे?"

"असेल कशाला? घाण होती ती."

"मूळचं. साफ करायच्या आधीचं."

"डिस्क भरली म्हणून मी उडवलं बहुतेक. काका, काय झालं?"

सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच आलं, "बघा ना. बघा जरा. मी बसतो, मला घाई नाही."

मला घाईच होती. त्यानं खणातून एक डिस्क काढून लावली, मग दुसरी. पडद्यावर नावांच्या ओळी वर सरकत होत्या. तो पुटपुटत होता, "इथं नाही... हे लग्नाचं शूटिंग... इथंही नाही." टेप भुकटी झालेली, माळ्यावरची तबकडी वाकलेली, संयोगिताला आठवत नाही. ह्या माणसाच्या खणातल्या डब्यांत नसेल तर मालन कुठेच नव्हती. मी देव फारसा मानत नाही. तरी जे नाव आठवलं ते घेत होतो.

"हां," तो म्हणाला. "एक आहे. पण काका, कानाला त्रास होईल."

त्यानं मोठे स्पीकर लावले. खरखर सुरू झाली, पावलं वाजली, कुणीतरी खोकलं. सुमंतची गिटार लांबून आली. मी गुडघे घट्ट धरून बसलो होतो.

आणि बांगड्या वाजल्या. रुमालाखालून, दबलेल्या, एकच झटका.

मी उभा होतो. केव्हा उठलो कळलं नाही. एक पाऊल दाराकडे पडलंही होतं.

"काका? पाणी देऊ?"

मी हात वर करून त्याला थांबवलं, कारण बांगड्यांमागून आवाज आला होता. तो जाडसर सूर. ज्याला मी इतके दिवस ऑर्गन समजत होतो. जरा घोगरा, सुरुवातीला डगमगणारा, मग एका जागी धरून राहिलेला. संयोगिताचा पातळ आवाज नंतर आला आणि त्याच्यावर चढून निघून गेला. खालचा तिथेच राहिला.

मी सगळं अंग कान करून ऐकलं. मला तो ओळखता आला नाही. रस्त्यात कुणी त्या आवाजात हाक मारली असती तर मी वळलो नसतो. ज्या आवाजासाठी रडलो तो दुसऱ्या बाईचा, आणि बायको त्याच्या खालीच गात होती, तर तिला मी पेटी-ऑर्गन समजून सोडून दिलं.

"हा खालचा," मी विचारलं, "वेगळा काढता येतो का?"

"एकाच माइकवर दोघी आहेत, काका. पूर्ण सुटणार नाही. ओढाताण केली की आवाज पत्र्यासारखा होतो." त्यानं गाणं थांबवलं. "कोण आहे ती?"

"मालन. तुझी काकू."

तो हळूच म्हणाला, "आणि ती टिकटिक?"

मी माझ्या मनगटावरून बोट फिरवलं. तो समजला, कारण त्यानं चेहरा दोन्ही हातांनी चोळला आणि पडद्याकडे वळला. "पेन ड्राइव्हवर घालून देतो. हे जसंच्या तसं."

"आधी परत लाव. सुरुवातीपासून."

"बसा ना काका, कधीचे उभे आहात."

त्यानं गाणं मागे नेलं. खरखर, पावलं, खोकला. मी खुर्चीवर टेकलो. बांगड्या वाजल्या, आणि मी पुन्हा उठलो.