चार नंबरचा बोर्ड

एलादियो बेर्खेसची पाठ मला तोंडपाठ आहे. व्हालदेरोयाच्या क्लबात मी गोलकीपर होतो आणि तो माझ्यापुढे बचावाला, चार नंबरचा शर्ट घालून. आमची सगळी कारकीर्द अशीच गेली. मी मागून शिव्या घालायचो आणि तो वळून न बघता हात हलवायचा, म्हणजे ऐकलं, आता गप्प बस. मोठ्या क्लबांनी त्याला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा बायकोने बॅग भरली आणि दोन्ही वेळा ह्याने ती रिकामी केली. कारण काय, तर तिकडचं गवत फार मऊ आहे. असला माणूस.

पुढे तो आमचा प्रशिक्षक झाला आणि मी त्याचा मदतनीस. म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या, हरवलेले बूट शोधायचे आणि खेळाडू बदलताना आकड्यांचा बोर्ड वर धरायचा. शेजारी बसल्यावर मला त्याचा चेहरा दिसायला लागला, आणि खरं सांगतो, पाठ बरी होती. मैदानावरचा एलादियो थंड डोक्याचा होता. बाकावरचा एलादियो मात्र प्रत्येक उंच चेंडूला जागच्या जागी डोकं मारतो. एकदा त्याचा असा हेडर माझ्या हनुवटीवर बसला, तेव्हा मी दोन दिवस सूपवर काढले होते.

मे महिन्यातला तो हंगामाचा शेवटचा रविवार. जिंकलो तर आहोत त्या विभागात टिकणार, नाहीतर खाली जाणार. त्यात आमचा कप्तान चाबिएर याचाही तो शेवटचा सामना. एलादियोनंतर चार नंबरचा शर्ट त्यालाच मिळाला होता. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला निरोप द्यायची रीत आहे. सामना संपत आला की त्याला बदलायचं, म्हणजे तो एकटाच चालत बाहेर येतो आणि अख्खं गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. सामन्यानंतरच्या टाळ्या सगळ्यांच्या वाटणीच्या असतात. या त्याच्या एकट्याच्या.

एलादियोला त्या मिळाल्या नव्हत्या. त्याच्या शेवटच्या सामन्यात तेव्हाचे प्रशिक्षक मेलचोर, ज्यांना गाव मानाने डॉन मेलचोर म्हणतं, त्यांनी चारचा बोर्ड वर केला आणि लगेच खाली घेतला. पाठोपाठ शिट्टी झाली, आणि लोक जेवणाआधीचा व्हर्मूत प्यायला पांगले. तेव्हापासून एलादियोने म्हाताऱ्याशी बोलणं टाकलं. बेकरीच्या रांगेत डॉन मेलचोर दिसले की हा पाव न घेताच घरी यायचा. म्हातारा मात्र दर रविवारी आमच्या बाकामागे पहिल्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा, आणि टरफलं कोटाच्या खिशात ठेवायचा.

आदल्या दिवशी एलादियोने चाबिएरला शब्द दिला, की काहीही झालं तरी तुला टाळ्यांत बाहेर काढीन. मी त्याला बाजूला घेतलं.

"एका गोलाचीच आघाडी असली तर?"

"तरी काढणार."

"आणि त्याला काढून गोल खाल्लास, तर गाव आपल्याला पावसुद्धा विकणार नाही."

"मला सवय आहे," तो म्हणाला. "किलेस, मी मेलचोर नाही."

मी बाटल्या भरायला लागलो. हे वाक्य तो किती वर्षं मनात जपून होता, ते मला माहीत होतं.

सामन्यात आम्हाला एक गोल मिळाला, तोही आमच्या एका खेळाडूच्या गुडघ्याला लागून. दुसरा काही होईना. शेवटची काही मिनिटं उरली तशी समोरच्यांनी आमच्या गोलवर तळच ठोकला. एलादियोने माझ्याकडे न बघता चार बोटं दाखवली. मी आकडा लावून बोर्ड वर धरला आणि चेंडू बाहेर जायची वाट बघत उभा राहिलो.

गेला. पण चाबिएरच्याच डोक्याला लागून आमच्याच गोलच्या मागे गेला. कॉर्नर. रेफरीने आम्हाला खूण केली, की बदला. चाबिएरने दंडावरची कप्तानाची पट्टी काढली. लोक उठायला लागले, त्याची आई तर आधीच उभी होती. तेवढ्यात समोरच्यांचे दोन ताडमाड गडी कॉर्नरसाठी पुढे आले. एलादियोने त्यांच्याकडे बघितलं. मग माझं मनगट धरलं आणि बोर्ड खाली दाबला.

चाबिएर पट्टी हातात घेऊन नुसता बघत राहिला. मग ती त्याने परत चढवली. कॉर्नर आला, त्या दोघांच्या डोक्यांवर चाबिएरचं डोकं उठलं, आणि चेंडू पार मध्यरेषेपर्यंत गेला. शिट्टी झाली. आम्ही टिकलो.

सगळे नाचत होते. एलादियोने हात पुढे केला, तो चाबिएरने घेतला नाही.

"मिस्टर, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाला, आणि मैदानाच्या मध्यावर जाऊन एकटाच उभा राहिला. आमचे खेळाडू प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात, पण इतक्या परकेपणाने म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

एलादियोचा हात तसाच राहिला. मग तो वळला आणि पहिल्या रांगेसमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता भांडतो.

"कॉर्नर होता," तो म्हणाला.

"तेव्हाही कॉर्नरच होता," डॉन मेलचोर म्हणाले.

"माहीत आहे. तो मीच दिला होता."

म्हाताऱ्याने खिशातली टरफलं चाचपली आणि माझ्याकडे बोर्ड मागितला. मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. रेषेवर उभं राहून त्यांनी चारचा आकडा डोक्यावर धरला. मी पुढे झालो, पण मला काही तो घेऊ देईनात. फाटकाशी पोचलेले लोक थांबले, एकमेकांना ढोसू लागले आणि परत आले. ज्यांना एलादियोचा शेवटचा सामना आठवत होता, त्यांना तर सांगावंच लागलं नाही.

चाबिएरने आकडा पाहिला. मग तो तरातरा आमच्याकडे आला आणि एलादियोची बाही धरून त्याला ओढतच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला.

"चला मिस्टर," तो म्हणाला. "दोघांनाही बाहेर बोलावलंय."

तिथून ते चालत निघाले. चाबिएर चिखलाने माखलेला, आणि एलादियो लग्नाकार्यातले बूट घालून, हातांचं काय करावं ते न कळून. सगळं गाव उभं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एलादियो त्या मैदानावर माझ्याकडे तोंड करून येत होता. तो रडत होता, आणि मला एकही शिवी सुचली नाही.