वादाची पाटी

मी कवळ्या बनवते. दंतवैद्याकडून ठसा येतो, मी मेणात दात बसवते, रंग जुळवते, घासून गुळगुळीत करून पाठवते. जन्मभर दुसऱ्यांना हसायला दात दिले आणि स्वतः मात्र दातओठ खात बसले, तेही इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशापायी. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही दुरुस्त करावा असा. आधी मी दातांवरचे लेख दुरुस्त करायची. तिथं शांतता होती, दातांबद्दल कुणाचं फारसं वाकडं नसतं. मग कुठून दुर्बुद्धी सुचली आणि ‘वंश’ नावाच्या लेखात पाय घातला.

त्या लेखात एक वाक्य आहे : ‘बुद्धी वंशानुसार जन्मतःच कमी-जास्त असते का, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत.’ वाक्य तराजूचं. तराजू हे त्यानं तिथं स्वतःच घेतलेलं नाव. माणूस कोण, कुठला, देव जाणे. बोलणं मात्र मधात घोळवलेलं. मी लिहिलं, अहो, एकीकडे सगळं शास्त्र आणि दुसरीकडे चार टाळकी, ही दोन मतं कशी? तो म्हणाला, ‘ताई, आपण न्यायाधीश नव्हे. दोन्ही बाजू मांडायच्या आणि गप्प बसायचं.’ मी लिहिलं, दोन आणि दोन चार म्हणणारे शंभर आणि पाच म्हणणारा एक असला, तर तुम्ही साडेचार लिहिणार का? त्यावर त्यानं मला सभ्यतेच्या नियमांचं पान वाचायला दिलं.

मी वाक्य काढायची, तो परत घालायचा. शेवटी ज्ञानकोशावर देखरेख करणाऱ्या वरच्या लोकांनी दोघांनाही तंबी दिली. मग मी लेखाच्या डोक्यावर पाटी लावली : ‘या लेखाच्या तटस्थतेबद्दल वाद आहे.’ एवढा हक्क कुणालाही असतो. पण पाटी कायमची नसते. कुणीतरी चर्चेच्या पानावर ‘पाटी काढावी’ असं लिहितं आणि आठवडाभरात कुणाचा ग्राह्य आक्षेप आला नाही, तर ती निघते. तराजू दर सोमवारी लिहायचा, ‘आक्षेप नसल्यास पाटी काढतो.’ मी दुपारच्या सुट्टीत हाताला लागलेलं ठशांचं प्लास्टर धुऊन लिहायची, ‘माझा आहे.’ पुढचा सोमवार, पुन्हा तेच.

“आई, तू त्याच्याशी भांडतेस तेवढी बाबांशी भांडली नाहीस,” पोरगा म्हणाला.

“बाबा निदान मधूनमधून जेवायला उठायचे,” मी म्हटलं.

हसलो दोघं, पण मी थकले होते. मान धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि दात बसवताना मनातल्या मनात तराजूला उत्तरं द्यायची. परवा एका म्हाताऱ्याच्या कवळीत दात उलटसुलट बसवले, डॉक्टरांनी परत पाठवली. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. म्हटलं, या सोमवारी काही लिहायचं नाही. निघू दे ती पाटी. जग काय माझ्या खांद्यावर उभं आहे?

त्याच संध्याकाळी सूनबाई शाळेतल्या पालकसभेहून आली. सूनबाईचं माहेर दुसऱ्या खंडातलं. आमची भाषा ती माझ्याशी वाद घालून शिकली, त्यामुळे बोलते फर्डी. आमची ठमी तिसरीत आहे. रंग आईचा, केस आईचे, नाक मात्र आमच्या घराण्याचं, बिचारीचं नशीब.

सूनबाईनं चपलाही काढल्या नाहीत. दारातच खुर्चीवर बसली.

“आई, वर्गात वाचायला त्या ज्ञानकोशातले लेख घेतात. वंशावरचाही घ्यायचाय म्हणे. पण शाळेचा नियम आहे, वादाची पाटी असलेला लेख घ्यायचा नाही. बाई म्हणाल्या, पाटी निघाली की लगेच घेऊ, फार समतोल लिहिलंय.”

मी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

“ती पाटी तुम्हीच लावलीय ना? राहू द्या, आई. दमलात ते दिसतंय मला. तरी राहू द्या.”

तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला रडूच आलं, पण स्वयंपाकघरात जाऊन आवरलं.

सोमवारी आक्षेप लिहिला. या वेळी तराजूनं नवा प्रश्न काढला : ‘ताई, या विषयाशी आपला काही घरगुती संबंध आहे का? असल्यास जाहीर करावा लागतो.’ नियम आहे खरा. ज्याचा संबंध, त्याचा आक्षेप धरत नाहीत. खोटं लिहिता आलं असतं, कोण बघायला येणार होतं? पण ज्या पानावर खरं टिकावं म्हणून इतकं रक्त आटवलं, तिथंच खोटं लिहायचं हे काही जमेना. लिहिलं, ‘आहे. माझी सून आणि नात. आता तुमचाही सांगा.’

तो म्हणाला, ‘माझा काहीच संबंध नाही. आम्ही साधी माणसं.’ वरच्या लोकांनी ते मानलं. त्याच्या घरी सगळे एका रंगाचे, म्हणजे तो तटस्थ.

मग आक्षेप घ्यायला संबंध नसलेलं माणूस शोधत फिरले. डॉक्टर म्हणाले, कशाला नसत्या भानगडीत पडता. शेजारीण म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही हो. ज्यांचं काही जात नव्हतं त्यांना वेळ नव्हता, आणि आम्हा घरच्यांचं कुणी धरत नव्हतं. आठवडा संपला, पाटी निघाली. तराजूनं मला आभाराचा निरोपही पाठवला.

काही दिवसांनी ठमी शाळेतून आली. दप्तर टाकलं, केळं घेतलं आणि माझ्या कामाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“आजी, आज सगळे माझ्याकडे बघत होते.”

“का ग?”

“बाईंनी वाचून दाखवलं. माझ्यासारख्यांना अक्कल असते का, यावर दोन मतं आहेत म्हणे. तुझं कुठलं?”

त्या माणसाला पानंच्या पानं उत्तरं दिली होती मी. आता हातातला ठसा खाली ठेवला आणि तिला जवळ ओढलं.

“ठमे, तू हुशार आहेस. चांगली हुशार आहेस. आणि त्यात मतंबितं काही नसतात.”

तिनं केळं सोललं.

“पण तू तर माझी आजीच आहेस,” ती म्हणाली. “तुझं कसं धरायचं?”