सगळ्यात पुढची जागा

आमच्या बायकांच्या डोंगरभटकंतीच्या गटात एकच नियम आहे. जी सगळ्यात हळू चालते ती पुढे, आणि तिला कुणी ओलांडायचं नाही. आठ वर्षं ती जागा माझ्या सासूबाईंची होती. गेल्या वर्षी त्या वारल्या. जागा अजून रिकामीच आहे, कारण इतकं हळू चालणं जिवंत माणसाला जमत नाही.

आज भर पावसात उतरताना मी ओढ्यापाशी थांबले, तशी मागची रांगही थांबली.

"आता काय झालं?" मागून दातांच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"आईंना दम लागलाय," मी म्हणाले. धापा स्पष्ट ऐकू येत होत्या.

"अगं, पाणी चढतंय! अजून दहा मिनिटं थांबलो तर आपण सगळ्याच त्यांच्याकडे राहायला जाऊ. ओलांड त्यांना!"

लग्नानंतर पहिल्यांदाच मी ते धाडस केलं. "आई, माफ करा हं," म्हणत पाण्यात उतरले. लगेच मागून कुणीतरी माझा रेनकोट गच्च धरला. हात बर्फासारखा गार होता.

आम्ही सगळ्याजणी सुखरूप पलीकडे पोचलो.

घरी येऊन तीन तास झालेत. नवरा विचारतोय, रेनकोट का काढत नाहीस? काय सांगू त्याला, आईंनी अजून सोडलाच नाहीये.